‘सॉफ्टवेअर’ला दंड किती?



संपादकांनी ‘मुलांना आवडेल असे काहीतरी लिहा’ म्हणून सांगितले होते. मी मात्र तक्रार घेऊन आलो आहे. तक्रार कोणा माणसाविरुद्ध नाही, एका डब्याविरुद्ध आहे.

डबा तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. आइस्क्रीमचा रिकामा डबा, झाकणाला चीर पाडलेली आणि वर ठळक अक्षरात लिहिलेले : ‘इंग्रजी शब्द – १० पेन्स’. वर्गात मराठी बोलताना मध्येच इंग्रजी शब्द आला की दहा पेन्स डब्यात टाकायचे आणि साठलेल्या पैशांतून स्नेहसंमेलनाला वडापाव आणायचे. कल्पना चांगल्या मनाने निघाली होती. समितीच्या बैठकीत ती मांडली गेली तेव्हा बाजूने वर झालेल्या हातांत माझाही हात होता, हे इथेच कबूल करून टाकतो.

मग काय झाले ते ऐका. ताईंनी मुलांना ‘माझे बाबा’ या विषयावर चार-चार वाक्ये बोलायला सांगितली. आमचे चिरंजीव (वय वर्षे अकरा) उभे राहिले. “माझे बाबा उंच आहेत. माझ्या बाबांना आमटी आवडते. माझे बाबा...” इथे गाडी अडली. त्याला म्हणायचे होते, ‘माझे बाबा सॉफ्टवेअर लिहितात’. पण समोर डबा, खिशात एकुलते एक वीस पेन्सचे नाणे आणि मधल्या सुट्टीत खाऊचे टेबल! थोडा वेळ विचार करून त्याने वाक्य पुरे केले : “माझे बाबा घरी बसतात.”

खूप हशा झाला. मी घरून काम करतो, त्यामुळे वाक्य खोटेही नव्हते. त्या संध्याकाळी दोन सहृदय पालकांनी फोन करून ‘सगळं ठीक आहे ना?’ अशी चौकशीही केली. त्यांचे आभार. नोकरी शाबूत आहे.

परंतु घरी परतताना गाडीत चिरंजिवांनी जे विचारले, त्यावर मला हसू आले नाही. तो म्हणाला, “बाबा, तुमच्या कामाला मराठीत शब्दच नाही ना? म्हणजे मराठी फक्त जेवणासाठी आहे का?”

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला गेला असेल. आमटी, पोळी, आंघोळ, झोप, ‘आजीला नमस्कार कर’ इथपर्यंत मराठी, आणि बाहेरचे सगळे जग इंग्रजीत. मुलाला एकदा असे वाटले की ही भाषा स्वयंपाकघराच्या दाराशी संपते, की पंधराव्या वर्षी तो ती तिथेच ठेवून बाहेर पडणार. मग शनिवारी सकाळी त्याला अंथरुणातून उठवण्यात काही अर्थ उरत नाही. म्हणून मी ठरवले की ज्या शब्दापाशी तो अडला त्या शब्दाचीच कुंडली काढायची. पाहू या तरी, हा इंग्रजी शब्द कुठल्या मोठ्या घराण्यातला आहे की ज्याच्यापुढे मराठीने मान खाली घालावी.

आधी चिरंजिवांचा स्वतःचा तर्क सांगतो. देवनागरीत ‘सॉफ्टवेअर’ आणि ‘अंडरवेअर’ यांचा शेवट अगदी सारखा, तेव्हा सॉफ्टवेअर म्हणजे मऊ कपडे, झोपताना घालायचे! तर्क चुकीचा असला तरी तो त्याने केला याचा मला आनंद झाला. इंग्रजीत या दोन ‘वेअर’चे स्पेलिंग वेगळे आहे. कपड्यातला ‘वेअर’ म्हणजे अंगावर घालणे. आपला ‘वेअर’ म्हणजे माल, विकायची किंवा वापरायची चीजवस्तू. हा शब्द अगदी जुन्या इंग्रजीतला आहे, आणि जर्मन व डच भाषांत आजही मालाला याच घराण्यातला शब्द आहे. काचेचा माल तो ग्लासवेअर, मातीची भांडी ती अर्थनवेअर, आणि हा माल जिथे साठवायचा ते घर म्हणजे वेअरहाउस. इतिहासाच्या पुस्तकात आपण ज्याला वखार म्हणतो तेच. (सुरतेची इंग्रजांची वखार आठवली असेल, इंग्रज स्वतः मात्र तिला ‘फॅक्टरी’ म्हणत. ती कथा पुन्हा कधीतरी.)

आता ‘हार्डवेअर’. इंग्रजीत हा शब्द पाचशे वर्षांहून जुना आहे आणि त्याचा अर्थ लोखंडी सामान. आपल्याकडच्या लोकांना हे सांगायला नको, कारण महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात ‘हार्डवेअर अँड पेंट्स’ अशी पाटी असते. माझ्या मामांचे सांगलीला असेच दुकान होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गल्ल्यामागे बसत असे. खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, पत्रा, साखळ्या, कुलुपे. बारीक खिळ्यांना तिथे ‘चुका’ म्हणत आणि त्या वजनावर विकत. पुढे मी इंजिनियर होऊन या धंद्यात पडलो तेव्हा मामा म्हणाले होते, “आमच्याकडे चुका किलोवर विकत मिळतात, तुमच्याकडे फुकट मिळतात म्हणे.” या घटनेला वीस वर्षे झाली, पण धंद्याची याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास खोलीभर पसरलेली मोठमोठी गणनयंत्रे तयार होऊ लागली, तेव्हा त्यांच्या तारा, नळ्या, कपाटे या सगळ्या सांगाड्याला इंजिनियर मंडळी ‘हार्डवेअर’ म्हणू लागली. म्हणजे लोखंडी सामान! खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानातला शब्द त्यांनी जगातल्या सर्वांत महागड्या यंत्राला लावला. कोणी ग्रीक-लॅटिन कोश उघडला नाही, समितीही नेमली नाही.

आणि ‘सॉफ्टवेअर’? इथे माझ्या शोधाला एक मजेदार वळण लागले, आणि ते मला चक्क लंडनच्या कचऱ्यात घेऊन गेले.

चार्ल्स डिकन्स हे नाव मुलांना शाळेतून माहीत आहे. १८५० साली त्यांनी ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. किंमत दोन पेन्स. त्या वर्षी जुलै महिन्यात त्यात रिचर्ड हेन्री हॉर्न यांचा लंडनच्या कचऱ्याच्या डोंगरांवर एक लेख आला, अर्धी गोष्ट आणि अर्धी माहिती असा. त्या काळी घरोघरी कोळसा जळायचा, त्यामुळे कचऱ्यात मुख्यतः राख असायची. राख म्हणून ‘डस्ट’. आज घरोघरी वायू किंवा वीज असली तरी इथे कचऱ्याच्या पेटीला ‘डस्टबिन’ आणि कचरा नेणाऱ्या माणसाला ‘डस्टमन’ म्हणतात, ते त्या राखेमुळे. राख पडली की शब्द मागे राहतो, असे म्हणायला हरकत नाही.

हा कचरा शहरात एका जागी आणून त्याचे डोंगर रचत आणि बायका मोठमोठ्या चाळण्या घेऊन तो दिवसभर चाळत, निवडत. काहीही वाया जात नसे. बारीक राख विटा करायला, हाडे साबण करणाऱ्यांना, चिंध्या कागदाच्या गिरणीला. मेलेल्या मांजरांची कातडीसुद्धा विकली जायची (मुलींनो, नाक मुरडू नका, १८५० साल आहे). या निवडणाऱ्या लोकांनी कचऱ्याचे दोन मोठे वर्ग केले होते. फुटकी मडकी, कपबश्या, शिंपले वगैरे जो टणक माल, तो ‘हार्डवेअर’. तो रस्ते बांधायला जाई. आणि भाजीपाला, मांसाचे तुकडे असे जे जे कुजणारे, ते ‘सॉफ्टवेअर’. ते लगेच पोत्यांत भरून शेतावर खतासाठी पाठवायचे. कारण उघड आहे, ते ठेवले तर वास मारते.

हे वाचून मी खुर्चीतल्या खुर्चीत हसलो. वीस वर्षे मी ज्या शब्दावर पोट भरतो आहे, तो आधी लंडनच्या उकिरड्यावर जन्मला होता!

असाच एक प्रचंड ढिगारा १८३७ साली ई. एच. डिक्सन या चित्रकाराने जलरंगात रंगवून ठेवला आहे. चित्रातली जागा म्हणजे बॅटल ब्रिज, देवीच्या रोग्यांच्या हॉस्पिटलाशेजारी. ते हॉस्पिटल पुढे पाडले आणि त्या जागेवर १८५२ साली उभे राहिले ते आपले किंग्ज क्रॉस स्टेशन. मुले जिथे भिंतीत घुसलेल्या ढकलगाडीपाशी फोटो काढून घेतात, तेच. आज त्या परिसरात सॉफ्टवेअरच्या बड्या कंपन्यांची चकचकीत कार्यालये आहेत. हा योगायोग कोणी मुद्दाम जमवून आणला असता तर खोटा वाटला असता.

आता एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर माझ्यातला इंजिनियर मला झोपू देणार नाही. आजचा ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द त्या उकिरड्यावरून थेट चालत आलेला नाही. तो दुसऱ्यांदा, नव्याने जन्मला. आजच्या अर्थाने तो छापून आलेला सापडतो १९५८ च्या जानेवारीत, ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’ या गणिताच्या मासिकात. लेखक जॉन टुकी, अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातले आणि बेल प्रयोगशाळेतले संख्याशास्त्रज्ञ. लेखाचा विषय होता गणित कसे शिकवावे. त्यात ओघात ते लिहून गेले की गणनयंत्रात तारा-नळ्यांच्या ‘हार्डवेअर’इतकेच महत्त्व आता त्याला काय करायचे ते सांगणाऱ्या योजनांना, म्हणजे ‘सॉफ्टवेअर’ला आले आहे. दोन्ही शब्द त्यांनी अवतरणचिन्हांत घातले होते, जसे आपण थट्टेतले शब्द घालतो. ‘बिट’ हा शब्दही याच टुकींचा. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली तो आपल्या प्रसिद्ध निबंधात वापरला तेव्हा श्रेय टुकींना दिले होते. ‘बायनरी डिजिट’चे संक्षिप्त रूप, आणि इंग्रजीत ‘बिट’ म्हणजे तुकडाही. बोलण्यातला, चिमुकला शब्द.

टुकींचा तो लेख शब्दाच्या संदर्भात चाळीसहून अधिक वर्षे कोणाच्या ध्यानात नव्हता. येल विद्यापीठाचे एक ग्रंथपाल, फ्रेड शापिरो, जुनी नियतकालिके संगणकावर धुंडाळत असताना त्यांना तो २००० साली सापडला. म्हणजे ‘सॉफ्टवेअर’ या शब्दाचा जन्मदाखला सॉफ्टवेअरनेच शोधून दिला. त्याच वर्षी टुकी वारले.

एकदा ‘सॉफ्टवेअर’ रुळले आणि मग ‘वेअर’ला पिल्ले होऊ लागली. १९६७ साली ॲशर ऑप्लर यांनी या दोहोंच्या मधले ते ‘फर्मवेअर’ म्हटले, धड टणक नाही, धड मऊ नाही. पुढे फुकटचे ते फ्रीवेअर, खोडसाळ ते मालवेअर. प्रत्येक वेळी कारागिराने हाताशी असलेला शब्द उचलला आणि जोडला. ‘मऊपणा’शी याचा काही संबंध नाही, हे लक्षात घ्या. सॉफ्टवेअर मऊ नसते. ते ‘हार्ड’ नाही म्हणून ‘सॉफ्ट’, एवढाच विनोद. म्हणून कोणी कोश घेऊन त्याचे तुकड्या-तुकड्याने भाषांतर करू लागला की हाती ‘मऊ सामान’ येते, म्हणजे कापूस आणि गाद्या-उश्या.

ही सगळी कथा मी चिरंजिवांना सांगितली. रविवारी सांगलीला आजीशी बोलणे असते. एरवी हे बोलणे तीन मिनिटांचे. ‘कसा आहेस’, ‘बरा आहे’, ‘जेवलास का’, ‘हो’, आणि फोन माझ्या हातात. त्या दिवशी त्याला सांगायला काहीतरी होते. त्याने आजीला राखेचे डोंगर, चाळण्या, मेलेली मांजरे सगळे सांगितले. मराठी अडखळत, क्रियापदे इकडची तिकडे, पण सांगितले. मग ते दोन वर्ग सांगितले. आजी क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, “अरे, म्हणजे आमचा ओला कचरा आणि सुका कचरा! घंटागाडीत वेगवेगळा द्यावा लागतो आम्हाला. मग तुझा बाबा ओल्या कचऱ्यात काम करतो म्हण की.”

चिरंजीव हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी होते. आजीने पुढे पुस्ती जोडली, “आणि ओलाच आधी नासतो बरं का.” माझ्या कामाचे इतके अचूक वर्णन माझ्या साहेबानेही कधी केलेले नाही. यंत्र कपाटात दहा वर्षे पडून राहते. त्यातली आज्ञावली मात्र दोन वर्षे हात लावला नाही तर नासते, हे या धंद्यातला कोणीही सांगेल. बोलणे पंचवीस मिनिटे चालले. त्यात ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द निदान दहा वेळा आला असेल. आपल्या डब्याच्या हिशेबाने एक पौंड.

आता मुद्द्यावर येतो. त्या संभाषणात मराठी कमी झाली की वाढली?

आमच्या समितीतल्या एका ज्येष्ठ सभासदांशी माझा यावर बराच वाद झाला. त्यांचा मी फार आदर करतो, त्यांनी तीस वर्षे हा वर्ग चालवायला हातभार लावला आहे. ते म्हणाले, “एका शब्दाला दार उघडलंत की मागून रांग लागते. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश उगाच करवून घेतला का?” मुद्दा वजनदार आहे. महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द करवून घेतले, हे खरेच. पण ‘किल्ला’ हा शब्द मुळात अरबी आहे आणि तो आजही महाराजांच्या नावाशी जोडलेला आहे. ‘रायगड’, ‘सिंधुदुर्ग’ ही नावेही आली आणि ‘किल्ला’ही राहिला. एकाने दुसऱ्याला हाकलून दिले नाही. दुकान, बाजार, वकील, कागद हे सगळे बाहेरून आलेले. आणि ज्या वडापावासाठी आपण मुलांचे दहा-दहा पेन्स गोळा करतो, त्यातला पाव पोर्तुगीज आणि वड्यातला बटाटाही पोर्तुगीज! तेव्हा मुळात दंड कोणाला व्हायला हवा?

त्याहून महत्त्वाचे म्हणजे मराठीने स्वतः नेमके टुकींसारखेच काम केले आहे, आणि ते आपण मुलांना सांगतच नाही. किंग्ज क्रॉस उघडले त्याच्या पुढच्याच वर्षी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. इंग्रज तिला रेल्वे म्हणत होते, म्हणजे रुळांची वाट. आपल्या लोकांनी त्या शब्दाचे भाषांतर केले नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिले, पुढे आग, मागे गाडी, आणि म्हटले ‘आगगाडी’. समुद्रात तसेच धूर सोडणारे जहाज, ती ‘आगबोट’. काड्यांची पेटी, ती ‘आगपेटी’. इंग्रजीत ‘वेअर’चे जसे कुटुंब, तसे मराठीत ‘आग’चे. आणि ‘आगबोटी’त पाहा, अर्धा शब्द मराठी आणि ‘बोट’ सरळ इंग्रजी. ‘छापखान्या’त ‘छाप’ आपला आणि ‘खाना’ फारसी. कोणाला लाज वाटली नाही आणि कोणी दंड मागितला नाही. आपल्या डब्याच्या नियमाने ‘आगबोट’ म्हणणाऱ्या मुलाकडून पाच पेन्स घ्यावे लागतील.

नवे शब्द घडवूच नयेत असे माझे म्हणणे मुळीच नाही. उलट घडवावेत, पण हिमतीने. आइसलंडची वस्ती चार लाखांच्या आत, पण त्यांनी सॉफ्टवेअरला ‘मनाचे सामान’ अशा अर्थाचा शब्द केला आणि संगणकाला तर ‘आकडा’ आणि ‘भविष्य सांगणारी बाई’ हे दोन जुने शब्द जोडून नाव दिले. मला ते ऐकून हेवा वाटला. फ्रेंचांनी तर्कशास्त्राच्या शब्दावरून ‘लोजिसिएल’ केला. हिब्रूत सॉफ्टवेअरला ‘तोखना’ म्हणतात, ‘आशय’ या अर्थाच्या शब्दावरून. आणि हार्डवेअरला ‘पदार्थ’ या अर्थाच्या शब्दावरून ‘खोमरा’. आपल्या कोकणातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल मंडळींची नातवंडे आज हेच शब्द सहज बोलतात. यातल्या एकाही भाषेने ‘मऊ’ हा शब्द वापरलेला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी इंग्रजी शब्दाकडे न पाहता वस्तूकडे पाहिले. (चिनी लोकांनी मात्र शब्दशः ‘मऊ’ घेतला आणि तो त्यांच्याकडे छान चालतो. तेव्हा माझा नियमही काही वज्रलेप नव्हे.)

आपली २०११ च्या जनगणनेतली संख्या आठ कोटी तीस लाख. आपल्याकडेही ‘संगणक’ चांगला रुजला, ‘आज्ञावली’ मला मनापासून आवडतो. हे शब्द मुलांना जरूर शिकवावेत. पण शिकवणे वेगळे आणि दंड घेणे वेगळे. ‘माझे बाबा सॉफ्टवेअर लिहितात’ हे वाक्य पूर्ण मराठी आहे. क्रियापद मराठी, प्रत्यय मराठी, आणि ‘ते सॉफ्टवेअर’ असे नपुंसकलिंगही आपण त्याला केव्हाच देऊन टाकले आहे. इंग्रजीत त्याला लिंग नव्हते. ती फाइल, तो माउस, ते सॉफ्टवेअर, कोणी ठरवले? कोणी नाही, तरी सांगलीपासून सिंगापूरपर्यंत बहुतेक मराठी माणसे तेच बोलतात. पाहुण्याला पाट मांडून, नाव ठेवून घरात घेतल्यावर त्याच्याकडून दारात पट्टी कसली घेता?

पण ज्येष्ठ सभासद म्हणतात ती रांग खरी आहे, आणि ती कुठून शिरते हेही मला दिसते. ती नामांतून शिरत नाही. ती ‘करणे’ या एका शब्दातून शिरते. ‘भाजी कट कर’, ‘टेबल क्लीन कर’, ‘जरा वेट कर’, ‘मी वॉक करून येतो’. इथे कुठली नवी वस्तू आलेली नाही. चिरणे, पुसणे, थांबणे, फिरणे ही आपली धडधाकट क्रियापदे घरात असताना आपण त्यांना कोपऱ्यात बसवले आहे. आणि नीट कान देऊन ऐका, हे मुले नाही बोलत, आपण बोलतो. गेल्या शनिवारी मी मधल्या सुट्टीत चहाच्या टेबलाशी उभा राहून पालकांचे बोलणे मोजले. दहा मिनिटांत अशी ‘करणे’ लावलेली इंग्रजी क्रियापदे सव्वीस. त्यातली चार माझी स्वतःची.

तेव्हा समितीपुढे माझी सूचना अशी. डबा राहू द्या, पण मुलांच्या टेबलावरून उचलून पालकांच्या चहाच्या टेबलावर ठेवा. दंड ‘कट करणे’ आणि ‘वेट करणे’ यांना. वस्तूंच्या नावांना माफी. आणि मुलांसाठी या अंकात दर महिन्याला अर्धे पान मोकळे सोडा. एका इंग्रजी यंत्राचे नाव द्यायचे आणि मुलांनी ते यंत्र पाहून, कोश न उघडता, स्वतःचा मराठी शब्द करायचा. चुकला तर चुकू दे. पहिला शब्द म्हणून मी ‘फर्मवेअर’ सुचवतो. चिरंजिवांनी आजीशी सल्लामसलत करून उत्तर आधीच ठरवले आहे. ओला नाही, सुका नाही, म्हणून ‘दमट माल’. याहून चांगले कोणाला सुचले तर पुढच्या शनिवारी लिहून आणावे. मोठ्यांनीही आणले तरी चालेल.

हा लेख मुलाने वाचला आणि त्यातले इंग्रजी शब्द पेन्सिलने खुणा करून मोजले. नियम अजून बदललेला नसल्यामुळे जो आकडा निघाला तो मी शनिवारी डब्यात टाकणार आहे. फक्त ‘आगबोटी’चे पाचच पेन्स देईन.